एकेचाळीस नंबरची बरणी

१

"शून्य," नारिता म्हणाला. "थांबा, परत बघतो."

परत पाहिलं. परत शून्य.

मित्सु सुगावारा दारातच उभी होती. तिच्या हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली काचेची नळी होती. चौतीस वर्षं ती या संशोधन केंद्रात काच फुंकत होती. इथली प्रत्येक नळी तिच्या ओठांतून आणि बोटांतून गेलेली. आज महत्त्वाचा दिवस, एखादी नळी तडकली तर हाताशी दुसरी असावी, म्हणून ती सोमवारी सकाळी सकाळी ही घेऊन आली होती. पण नळीला काही झालं नव्हतं. भट्टीत नळी शाबूत होती आणि तिच्यात चिमूटभर करडी पूड नीट बसलेली दिसत होती. एका टोकानं हायड्रोजन आणि नायट्रोजन आत जात होते. दुसऱ्या टोकानं अमोनिया यायला हवा होता, तो येत नव्हता.

साएको हिरुमा हलली नाही. चौतिशीची बाई, अंगानं काटकुळी. ती पूड तिची होती, तीन वर्षांच्या कष्टांची. इथून दोन मैलांवर कोदामांच्या खाणीत हिरवट, सच्छिद्र दगड निघतो. एका चिमटीत लाखो भोकं. त्या भोकांत रुथेनियम नावाच्या धातूचे कण बसवायचे. खतासाठी अमोनिया करायचा तर जगभर प्रचंड दाब आणि रखरखीत आच लागते. साएकोची एकेचाळीस नंबरची पूड तेच काम मंद आचेवर करत होती. निदान तीन वेळा तरी तिनं ते केलं होतं.

"आच वाढवू का?" नारितानं विचारलं.

"नको." साएको उठली आणि कोरड्या पेटीपाशी गेली. ही पेटी म्हणजे मोठं काचेचं कपाट. आत जरासुद्धा दमट हवा नाही, आणि बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. आत एकेचाळीस नंबरची बरणी होती, चिठ्ठी साएकोच्याच अक्षरातली. तिनं बरणी उजेडात धरली, हलवली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"ही माझी पूड नाही," ती म्हणाली. "कुणीतरी बदललीय."

२

परवा, बुधवारी, तोक्योहून माणसं यायची होती. सोबत विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ, आणि त्यांच्याकडे जड नायट्रोजनचा सिलिंडर. हा नायट्रोजन डाग दिलेल्या गुरासारखा असतो, कुठल्याही कळपात गेला तरी ओळखू येतो. त्यापासून झालेला अमोनियाही जड निघतो, म्हणजे मग वाद उरत नाही. गुरुवारी संचालक मंडळ बसणार होतं. आकिताच्या डोंगरातलं हे चाळीस माणसांचं केंद्र ठेवायचं की त्याला कुलूप लावायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं.

केंद्राचे प्रमुख तोगाशी यांनी मित्सुला खोलीत बोलावलं. ते शुक्रवारपासून तोक्योला होते आणि रविवारी संध्याकाळी परतले होते. एका जागी बसायला त्यांना जमत नव्हतं. खिडकीपाशी जात, परत येत, टेबलावरचं पेन उचलत, ठेवत.

"पोलीस आत्ताच नकोत मला. बुधवारपर्यंत आपलं आपण शोधायचं. मित्सुसान, पेटीची किल्ली तुमच्याकडे नाही, त्यामुळे तुमच्यावर संशय नाही. आणि तुमच्या खोलीत येऊन लोक काय वाटेल ते बोलतात."

"नळी फुटली की माणूस मोकळं बोलतो," मित्सु म्हणाली. "पण साहेब, तुमचा संशय कुणावर आहे?"

तोगाशींनी खण उघडून एक कागदी पुडी टेबलावर ठेवली. "नारिताच्या कपाटात सापडली. दगडाची पूड. निईगाताच्या एका कंपनीनं त्याला नोकरी देऊ केलीय, तेही कळलं. गेल्या महिन्यात हिरुमासानशी कडाक्याचं भांडला होता. शुक्रवारी सगळेच इथं होते, रविवारी केंद्र बंद. शनिवारी दिवसभर तो इथंच होता. आणखी काय हवं?"

"शनिवारी मी बारा वाजता घरी गेले. आणखी कोण होतं?"

"हिरुमासान. आणि सकाळी कोदामा दगड टाकून गेला. त्याच्याकडे किल्ली नसते, पण बाहेरचं दार उघडंच होतं." तोगाशींनी पेन खाली ठेवलं. "नारिताला मी बैठकीच्या खोलीत बसवलंय. फोन काढून घेतलाय. बुधवारी सकाळपर्यंत कबूल झाला नाही, तर त्याला पोलिसांच्या हवाली करीन."

मित्सुनं बरणीतली थोडी पूड आणि टेबलावरची पुडी मागून घेतली आणि ती आपल्या खोलीत आली. पूड तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. क्षणभरात तळहाताला चटका बसावा तशी पूड तापली. हा दगड कोरडा असला की पाण्यासाठी असा वखवखतो. मग तिनं नारिताच्या पुडीतली चिमूट घेऊन तेच केलं. थंड. ती पूड हवेतलं पाणी पिऊन कधीच तृप्त झालेली होती.

म्हणजे बरणीतली नक्कल नीट भाजून, कोरडी करून आत ठेवली होती. का? तर दमट वस्तू आत गेली की कोरडी पेटी बोंब मारते, आणि बोंब मारल्याची वेळ नोंदवून ठेवते. हे इथल्या माणसालाच माहीत.

मग तिनं चिनी मातीच्या चमच्यात बरणीतली पूड घेऊन ज्योतीवर धरली. धातू असता तर पूड काळपट राहिली असती. ही भराभर उजळत गेली आणि शेवटी फिकट हिरवी झाली. काळेपणा जळून गेला. म्हणजे ती नुसती काजळी होती.

काजळी या इमारतीत एकाच जागी तयार होते. काच हळूहळू निववायची तर तिला धुरकट पिवळ्या ज्योतीवर काळी करून घ्यावी लागते. मित्सु रोज करते. ज्योतीमागच्या पत्र्यावर काजळीचा जाड थर साठतो आणि तो ती महिन्यातून एकदा खरवडते. तिनं मान वर करून पत्र्याकडे पाहिलं.

पत्रा स्वच्छ होता. आणि तिनं तो खरवडला नव्हता.

३

दुपारी कोदामा आले. सहासष्ट वर्षांचे, रुंद हाडाचे. कमरेला अस्वलाला हुसकवायची घंटा बांधलेली. यंदा अस्वलं गावात फार शिरत होती. घंटा सोडायची राहून गेली होती, त्यामुळे बोलताना ते हात हलवत तशी तीही वाजत होती.

"माझं नाव घेतायत का गं कुणी?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"घेणारच की. तुम्ही दगड आणता."

"अगं, दगड माझा, पोरगी माझ्या माडीवर राहते, रात्री आमच्या ताटाला ताट लावून जेवते. तिचीच पूड मी कशाला चोरू? तिच्या भरवशावर मी खाणीत नवीन तोंड पाडलं. ही पूड चालली नाही तर तो हिरवा डोंगर मी काय मांजरांच्या मुतायच्या खोक्यात घालायला विकू?"

"शनिवारी दुपारी कुठं होतात?"

"पिंजरा लावायला. आम्ही सातजण होतो शाळेमागं, अंधार पडेस्तोवर. विचार कुणालाही." त्यांनी हात खाली घेतले. घंटाही थांबली. "पण एक सांगतो. शुक्रवारपासून ती जेवत नाहीये. बायकोनं धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं ठेवलं पानात, तिचा जीव की प्राण, तर नुसती बघत बसली. चोरी सोमवारी कळली ना? मग शुक्रवारी काय झालं होतं तिला?"

हातातलं काम खाली ठेवून मित्सु तडक बैठकीच्या खोलीकडे गेली.

एकोणतीस वर्षांचा नारिता तिथं एकटाच होता आणि येरझाऱ्या घालत होता. पुढ्यातला चहा गार झालेला.

"पुडी तुझी?"

"माझीच. आणि निईगाताची नोकरीही खरी. तिथं मी नाही म्हणून कळवलंय, पण ते कुणी विचारत नाही."

"पुडी कशाला ठेवलीस?"

"धातू न घातलेला नुसता दगड होता तो. मला दोन गोष्टी तपासायच्या होत्या. एक, धातूशिवाय नुसता दगड घालून काय येतं. आणि दुसरी..." तो थबकला. "नायट्रोजन बंद करून त्याच्या जागी आर्गॉन सोडून काय येतं. आर्गॉनपासून अमोनिया होणं शक्यच नाही. तरी अमोनिया आला, तर तो दुसरीकडून कुठून तरी येतोय."

"म्हणजे कुठून?"

"रुथेनियम दगडात बसवताना आपण त्याचा नायट्रेट क्षार वापरतो. त्या क्षारातच नायट्रोजन असतो. तो नीट निघाला नाही, तर हायड्रोजन लागला की त्याचाच अमोनिया होतो. चार-सहा तास येईल आणि संपेल. आमच्या तिन्ही चाचण्या सहा तासांच्याच होत्या, मित्सुसान. आणि तिन्हींच्या शेवटी रेघ किंचित खाली झुकतेय. मी महिनाभर म्हणतोय, आर्गॉन लावून बघू. त्या म्हणाल्या, तुझा माझ्यावर विश्वास नाही. तेच आमचं भांडण."

"मग कुणी लावलाच नाही आर्गॉन?"

"कुणीच नाही. सिलिंडर तर तुमच्या खोलीत असतो."

सिलिंडर मित्सुच्या कोपऱ्यात होता खरा. काचेत धातूची तार बसवायची वेळ आली की ती तो वापरायची, वर्षातून दोन-तीनदा. ती परत आली आणि तिनं मापकावर बोट टेकवलं. काटा अर्ध्याखाली होता. गेल्या गुरुवारी संध्याकाळी तो पाऊण भागावर होता. कधी मागवायचा ते ठरवायला तिनं त्या दिवशी मुद्दाम पाहिला होता.

४

मंगळवारी सकाळी पाऊस नव्हता, पण धुकं इतकं दाट होतं की खिडकीबाहेरची देवदाराची झाडंही दिसत नव्हती. मित्सुच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. नक्कल भाजली कुठं?

प्रयोगशाळेतल्या भट्ट्यांना संगणक जोडलेला. कुणी किती वाजता लावली, सगळं नोंदलं जातं. तोगाशींनी त्या नोंदी काल दुपारीच चाळल्या होत्या. शनिवारी एकही भट्टी लागली नव्हती. मग जिथं नोंद होत नाही, अशी भट्टी कुठली?

मित्सु स्वतःच्याच भट्टीसमोर उभी राहिली. काच निववायची ती जुनी भट्टी. तिच्या शेजारी लोखंडी पेटी, तीत हळूहळू फिरणारा कागदाचा गुंडाळा आणि त्यावर तापमानाची रेघ ओढणारी शाईची लेखणी. पेटीवर इतकी धूळ की नवीन माणसाला ती बंद पडली असावी असं वाटावं. पण ती चालू होती. मित्सु तिच्यात शाई भरायची, ती केवळ सवयीनं.

तिनं कागद मागे उलगडला. शनिवारी दुपारी बारानंतर ती घरी गेली होती. त्यानंतर एक वाजता रेघ वर चढायला लागली होती. अगदी सावकाश, मिनिटाला पाच अंश, हात न थरथरता काढल्यासारखी. साडेतीनशेवर पोचली, बरोबर चार तास तिथं थांबली आणि तशीच सावकाश उतरली.

मित्सु खाली बसली. तिला नुसती पूड भाजायची असती, तर तिनं भट्टी पाचशेवर नेऊन अर्ध्या तासात काम आटोपलं असतं. नारितानंही तेच केलं असतं. त्याला सगळंच झटपट हवं असतं. नक्कल कोरडी झाल्याशी मतलब. पण या दगडातलं पाणी घाईनं उडवलं तर आतली बारीक भोकं ढासळतात. मिनिटाला पाच अंश, साडेतीनशे, चार तास. खऱ्या मालासाठीच माणूस इतकं करतो. चोराला नकली पुडीची भोकं जपायची काय गरज?

ज्याचा हात दुसऱ्या पद्धतीनं चालतच नाही, त्यानंच ही भट्टी लावली होती.

तिनं कागद फाडून घडी केला. तो जाळावा असंही क्षणभर मनात आलं. समोर ज्योत पेटलेलीच होती. तेवढ्यात दार वाजलं आणि साएको आत आली.

५

"तुम्ही नारिताशी बोललात म्हणे. काही सांगितलं त्यानं?"

मित्सुनं घडी उलगडून टेबलावर ठेवली. साएकोनं रेघेकडे पाहिलं. स्टूल ओढून बसली.

"मला वाटलं होतं, ती लेखणी बंद आहे."

"सगळ्यांनाच वाटतं."

"काजळीवरून कळलं?"

"काजळीवरून माझी खोली कळली. आर्गॉनवरून शुक्रवार कळला. तू कळलीस ती या रेघेवरून." मित्सुचा आवाज चढत चालला होता, तिला आवरेना. "शुक्रवारी आर्गॉन लावलास. काय आलं?"

"अमोनिया." साएको हसली, पण ते हसू पाहवत नव्हतं. "नायट्रोजनचा कण नाही, आणि अमोनिया भरभरून. नारिता महिनाभर हेच सांगत होता. मी त्याला म्हटलं होतं, तुला स्वतःला काही सुचत नाही म्हणून दुसऱ्याचं खोदतोस. असं म्हटलं होतं मी त्याला."

"मग सरळ सांगायचं होतंस."

"कुणाला? तोगाशीसान तोक्योत सगळ्यांना सांगत फिरत होते. कोदामासाननी खाणीत नवीन तोंड पाडलं. गुरुवारी मंडळ बसणार. बुधवारी सगळ्यांसमोर खोटी ठरले असते, तर शुक्रवारी इथं कुलूप. पण पूड चोरीला गेली तर? तर ते थांबतील. एक-दोन महिने देतील. तेवढ्यात मी खरी पूड करून दाखवीन, असं वाटलं."

"आणि नारिता?"

"चोर सापडणारच नाही असं वाटलं होतं मला. चोरच नाही, तर सापडेल कोण?"

"चोर नाही सापडला की लोक जवळ उभा असेल त्याला धरतात, साएको. उद्या सकाळी त्याला पोलिसात देणार आहेत. जन्माचा डाग लागेल पोराला. तुझ्या डोळ्यांदेखत त्याचा फोन काढून घेतला. त्या वेळी कशी गप्प बसलीस?"

साएकोनं हात मांडीखाली दाबून धरले होते. "सोमवारी सकाळी बोलणार होते. मग म्हटलं दुपारी. मग म्हटलं, उद्या." ती थांबली. "तुम्ही सांगणार आहात का?"

"नाही," मित्सु म्हणाली. "तू सांगशील. आत्ता. मी फक्त तुझ्यासोबत चालत येईन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मित्सुनं कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. साएको त्या खिशाकडे पाहत राहिली. मग उठली.

६

बैठकीच्या खोलीत तोगाशी होते, नारिता होता, आणि साएकोनंच बोलावून घेतलेले कोदामाही होते. ती उभ्यानंच बोलली. सुरुवात शुक्रवारपासून केली आणि एकही गोष्ट गाळली नाही. बोलून झाल्यावर नारितासमोर कमरेत वाकली आणि तशीच राहिली.

नारितानं तिला उठा म्हटलं नाही. तो तोगाशींकडे वळला. "माझा फोन."

तोगाशींनी खिशातून फोन काढून दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"म्हणजे माझा दगड फुकट गेला?" कोदामांनी विचारलं. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"दगडाचा दोष नाही, कोदामासान. मी बघायला हवं होतं, ते बघितलं नाही."

"खरी पूड कुठंय?" मित्सुनं मध्येच विचारलं.

"कोदामासानच्याच घरी," साएको म्हणाली. "लोणच्याच्या पिंपामागे."

"मग ती आणा. क्षारातला नायट्रोजन जाऊ दे संपून. तो संपल्यावर काय उरतं, ते कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. नारिता एक क्षण थांबला, आणि मग खोलीतून जवळजवळ पळतच बाहेर गेला. कोदामांनी खरी पूड आणून दिली. दुपारी चारपासून त्या पुडीवरून नुसता हायड्रोजन सोडला. अमोनिया आला, भरभरून आला, कमी होत गेला. बुधवारी सकाळी तोक्योची माणसं आली तेव्हा आकडा शून्यावर टेकला होता आणि दोन तास तिथून हलला नव्हता. तोगाशींनी पाहुण्यांना सगळं खरं सांगितलं. एका पाहुण्यानं लगेच घड्याळात पाहून परतीची गाडी कधी आहे ते विचारलं. पण विद्यापीठाच्या दोघांपैकी एक बाई म्हणाल्या, "एवढं लांब आणलाय, तर जड नायट्रोजन सोडूनच बघू."

साएकोला यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. ती भिंतीला टेकून उभी होती. आकडे नारिता वाचत होता.

"शून्य." दहा मिनिटं. "शून्य." वीस. पाहुण्यांपैकी एकानं कोट चढवला. "शून्य. थांबा." त्याचा आवाज बदलला. "आलाय. थोडासा. अजून... स्थिर झाला."

विद्यापीठाच्या बाई पडद्यावर वाकल्या. "जड आहे," त्या म्हणाल्या. "सगळा जड. हा नायट्रोजनपासूनच झालाय."

"किती?" तोगाशींनी विचारलं.

"तुमच्या दाव्याचा चौदावा हिस्सा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चौदाव्या हिश्श्यानं कारखाना उभा राहत नाही. भिंतीपाशी साएको तोंडावर हात दाबून खाली बसली. ती रडतेय की हसतेय, ते मित्सुला जवळ जाऊनही कळलं नाही.

गुरुवारी मंडळानं ठरवलं: केंद्र एक वर्ष चालेल, निम्म्या माणसांवर. एकेचाळीसच्या पुढचं काम नारितानं बघायचं. साएकोनं राजीनामा दिला होता, तो त्याच दिवशी मंजूर झाला. शनिवारी कोदामांनी तिला गाडीतून स्टेशनवर सोडलं. आगगाडी सुटताना त्यांनी खिडकीतून मुळ्याचं पुडकं आत दिलं आणि तिनं ते घेतलं.

पुढच्या सोमवारी नारिता नवीन नळीचं माप घेऊन मित्सुच्या खोलीत आला. माप सांगून झालं तरी जाईना. ज्योतीकडे पाहत उभा राहिला.

"एक विचारू, मित्सुसान? तुम्हालाही वाटलं होतं का, मीच असेन म्हणून?"

मित्सुनं नळी फिरवणं थांबवलं. "हो," ती म्हणाली. "सोमवारी दुपारपर्यंत वाटत होतं."

त्यानं ज्योतीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"बाकीच्यांनाही विचारलं मी," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, छे, आम्हाला कधीच वाटलं नव्हतं." त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तो बसला. "चहा आहे का?"